नव्या बिल्ड सर्व्हरवर रोज एक पॅकेज गायब: आधी जुन्या मशीनची यादी मिळवा

नव्या बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे कोडपासून चालवता येणारा प्रोग्रॅम तयार करणाऱ्या मशीनवर, रोज वेगळंच पॅकेज गायब निघतं, हे तुमचं वर्णन वाचून जुनं दुखणं वर आलं. लॅपटॉपवर बिल्ड सुरळीत, जुन्या सर्व्हरवरही सुरळीत. नव्या सर्व्हरवर मात्र आधी झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीची हेडर (कंपायलरला लायब्ररीची ओळख करून देणारी फाइल) सापडत नाही, ते पॅकेज टाकलं की ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी, ते टाकलं की तिसरंच काहीतरी. आणि सर्व्हर सांभाळणारे म्हणतात, 'आमच्याकडून काहीच बदललेलं नाही.' हे उत्तर मी शब्दशः ऐकलेलं आहे.

हेडरसाठी '-डेव्ह' किंवा '-डेव्हेल' पॅकेज लागतं, नुसती लायब्ररी पुरत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलेलंच दिसतंय. म्हणून त्यात शिरत नाही. माझं सांगणं एवढंच, की एरर वाचायची, पॅकेज टाकायचं, परत चालवायचं, हा क्रम आजच थांबवा. अशाने बिल्ड हिरवा, म्हणजे यशस्वी, होईल, पण तो आधीच्यासारखाच आहे याची खात्री तुम्हाला कोणीच देऊ शकणार नाही.

कारण सगळीच गायब पॅकेजं आरडाओरडा करत नाहीत. कंपायलर थांबला आणि फाइलचं नाव सांगितलं, तर ते भाग्यच समजा. बिल्डआधी मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट पुष्कळदा लायब्ररी शोधते, ती नसली की 'नो' अशी एक ओळ छापते, तेवढी सोय वगळते आणि पुढे जाते. ओपनएसएसएलची हेडर नसलेल्या मशीनवर सोर्समधून पायथन बिल्ड करून बघा. बिल्ड चालवणारी 'मेक' कमांड शेवटपर्यंत जाते. तळाशी, काही ऐच्छिक मॉड्यूलसाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत अशा अर्थाची ओळ येते आणि तिच्याखाली त्या मॉड्यूलची नावं. एक्झिट कोड ० (म्हणजे 'सगळं ठीक'), पाइपलाइन हिरवी. पुढे कोणीतरी पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारं साधन, चालवतं आणि एसएसएल मॉड्यूल नाही म्हणून अडतं. तोवर ती ओळ लॉगबरोबर पुसली गेलेली असते.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान याच प्रकारात झालं आणि ते एका विभागामुळे झालं. नाव घेत नाही. बिल्ड सर्व्हर त्यांच्या ताब्यात होता. वर्षानुवर्षं कोणी मागेल तसं त्यांनी त्यावर हाताने पॅकेज टाकलं होतं आणि नोंद कुठेच ठेवली नव्हती. नवं मशीन आलं तेव्हा आम्ही एकच गोष्ट मागितली: जुन्या मशीनवर काय काय इन्स्टॉल आहे त्याची यादी. एका कमांडचं काम. फेडोरासारखं आरपीएम पॅकेजं वापरणारं लिनक्स असेल तर 'आरपीएम -क्यूए', डेबियन असेल तर 'डीपीकेजी -एल'. उत्तर आलं की सुरक्षा धोरणामुळे यादी देता येत नाही. धोरणाची प्रत मागितली, तर 'सर्व्हर चालू आहे' असा शेरा मारून तिकीट बंद. पुन्हा उघडलं, तर 'प्रश्न तुमच्या कोडचा आहे' म्हणून बंद. हा पत्रव्यवहार चालू असतानाच त्यांनी जुनी डिस्क पुसून टाकली.

नव्या मशीनवर आमचा बिल्ड पास झाला, सगळ्या टेस्टही पास झाल्या. एका कॉम्प्रेशन लायब्ररीचा आधार मात्र त्यातून गुपचूप गळला होता, आणि त्या लायब्ररीची टेस्टसुद्धा लायब्ररी नसली की स्वतःला वगळत होती. ग्राहकांच्या जुन्या फाइली उघडेनाशा झाल्या तेव्हा शोध सुरू झाला. शेवटी जुनी आणि नवी बायनरी (बिल्डमधून तयार झालेली प्रोग्रॅमची फाइल) शेजारी ठेवून दोन्हींवर 'रीडएल्फ -डी' चालवलं. जुनीत 'नीडेड'च्या, म्हणजे चालताना लागणाऱ्या लायब्ररींच्या, ओळींमध्ये ती लायब्ररी होती, नवीत ती ओळच नव्हती. यादी वेळेवर मिळाली असती तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. मला त्या विभागाचा अजूनही राग आहे. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि जुनं मशीन शाबूत आहे तोवर ती यादी मिळवा. लेखी मागा, वरिष्ठांना प्रतीत ठेवा. यादी मिळतच नसेल, तर जुन्या सर्व्हरवरची एक बायनरी आणि जुना कॉन्फिग लॉग तरी आजच बाजूला काढा.

यापुढचं माझं मत थोडं टोकाचं वाटेल. ज्या मशीनवर हाताने पॅकेज टाकता येतं, त्या मशीनवर रिलीजचा बिल्ड करूच नये. बिल्डला काय लागतं ती यादी कोडबरोबर रेपोमध्येच (कोडच्या साठ्यात) हवी आणि प्रत्येक बिल्ड कोऱ्या जागेवर त्या यादीवरूनच उभा राहायला हवा. डेबियनवाले एसबिल्ड किंवा पीबिल्डर ही साधनं वापरून हेच करतात: 'बिल्ड-इसेन्शियल' हा कंपायलर वगैरेंचा मूळ संच सोडला, तर बाकीचं सगळं पॅकेजच्या 'बिल्ड-डिपेन्ड्स'मध्ये लिहिलेलं असावं लागतं. फेडोरात हेच काम मॉक करतं. फेडोरा २९ च्या वेळी, २०१८ मध्ये, त्यांनी जीसीसी हा कंपायलरसुद्धा मूळ बिल्डरूटमधून (बिल्डच्या कोऱ्या जागेतून) काढून टाकला. 'कंपायलर तर असणारच' असं धरून चाललेली पॅकेजं तेव्हा अडली. मला तो निर्णय शंभर टक्के पटला. कंपायलर लागतो, तर तसं लिहायला काय हरकत आहे?

तुम्हाला एवढा पसारा नको असेल, तर छोट्या बेस इमेजवरून (तयार साच्यावरून) उभा केलेला कंटेनर, म्हणजे मशीनमधलाच एक बंदिस्त कप्पा, पुरे. डाउनलोड आधी उरकून घ्या आणि प्रत्यक्ष बिल्डच्या वेळी नेटवर्क पूर्ण बंद ठेवा. बिल्डच्या मध्येच कोण चोरून काय ओढत होतं ते लगेच उघडं पडतं. आणि कंटेनरची इमेज जिच्यावरून बनते त्या डॉकरफाइलमध्ये 'ॲप्ट-गेट अपडेट' आणि इन्स्टॉल एकाच रन ओळीत लिहा. वेगळे लिहिले की अपडेटचा जुना थर कॅशमधून येतो आणि इन्स्टॉलला ४०४ ('फाइल सापडली नाही') मिळतो.

'ऐच्छिक' हा प्रकार रिलीजच्या बिल्डमधून हद्दपार करा. तुमचं बिल्डचं साधन सीमेक असेल, तर त्यात 'फाइंड_पॅकेज'ला 'रिक्वायर्ड' लावा. मेसनमध्ये 'ऑटो_फीचर्स' हा पर्याय 'एनेबल्ड' करा. ऑटोटूल्समध्ये प्रत्येक लायब्ररीचा 'विथ' पर्याय स्पष्ट द्या, पण त्यावर विसंबू नका, कारण तो पाळायचा की नाही हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर असतं. म्हणून बिल्डच्या शेवटी बायनरीतल्या 'नीडेड' ओळी ठरलेल्या यादीशी ताडून बघा आणि फरक निघाला तर बिल्ड पाडा.

बाहेरच्या पॅकेज-साठ्यांवरही फार भरवसा ठेवू नका. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरून लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं आणि बेबल या जावास्क्रिप्टच्या साधनासकट असंख्य प्रकल्पांचे बिल्ड कोसळले. सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ ला संपला, पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणारा मिररलिस्टचा पत्ता बंद झाला आणि कालपर्यंत चालणाऱ्या इमेजमध्ये पॅकेज टाकणारं यम अडकलं. लागणाऱ्या पॅकेजांची प्रत स्वतःच्या मिररवर ठेवा, लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट करा, आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा.

जाता जाता एक गोष्ट. कॉन्फिगर चालवताना 'पीकेजी_चेक_मॉड्यूल्स'च्या ओळीवर सिंटॅक्स एरर आली, तर शेल स्क्रिप्ट उकरत बसू नका. कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं ऑटोकॉन्फ चालवताना, लायब्ररींची माहिती देणारं पीकेजी-कॉन्फिग मशीनवर नसलं, की तो मॅक्रो (पुढे उलगडायचा छोटा संक्षेप) उलगडत नाही आणि जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये उतरतो. पीकेजी-कॉन्फिग टाका आणि कॉन्फिगर नव्याने तयार करा.

हे सगळं लिनक्सवरच्या सी, सी++ आणि थोड्याफार पायथनच्या अनुभवावरून सांगते आहे. विंडोजवर माझा सल्ला मानू नका. तुमचा सर्व्हर सांभाळणारा विभाग कदाचित आमच्यापेक्षा बराही असेल, तेव्हा आधी सरळ विचारून बघा.

कोणती फाइल कोणत्या पॅकेजात आहे हे डेबियनवर 'ॲप्ट-फाइल सर्च'ने कळेल, फेडोरावर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स'ने. यादी मिळाली नाही, तर नव्या सर्व्हरच्या कॉन्फिगर लॉगमधल्या 'नो' असलेल्या सगळ्या ओळी इथे टाका. त्यातल्या कोणत्या खरंच चालतील आणि कोणत्या नाहीत, ते बघून सांगते.