ते शून्य तुझं आहे

ताई, मी 28 वर्षांची आहे. बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मानसिक आजारांची पहिली तपासणी करते. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की आई विषय बदलते. 'वेड्यांच्यात बसते' म्हणून दोन स्थळं परत गेली. दादा म्हणतो, पुण्याला जा, कंपनीत बघ. कामाचाही कंटाळा आलाय. तेच नऊ प्रश्न, तेच आकडे. नववा तर नातेवाइकांसमोर विचारायला बरा वाटत नाही, तिथं मी शून्य टाकते. नोकरी सोडू का?

पोरी, स्थळांचं राहू दे. मी तुझ्या त्या शून्यापाशी अडकलेय.

नैराश्य तपासायचा तो फॉर्म, पीएचक्यू-9, तुला पाठ आहे. मागचे दोन आठवडे, नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27. झोप, भूक, थकवा वगैरे आठांत येतं. नववा विचारतो, मेलेलं बरं असं वाटलं का, स्वतःला इजा करावीशी वाटली का. बेरीज पाचच आली, पण नवव्याला 1 असेल, तरी त्या माणसाला तसंच घरी धाडायचं नसतं. जागा रिकामी सोडली असतीस तर पुढच्या डॉक्टरांनी निदान विचारलं असतं. शून्य दिसलं की ते पान उलटतात. माणूस 'नाही' म्हणालाच नव्हता, ते तू लिहिलंस. मला याचा राग आलाय.

आपल्याकडे कापसावर मारतात तेही औषध, आणि 'त्यानं औषध घेतलं' म्हटलं की गाव जीप शोधायला धावतं. तो डबा कितीतरी घरांत दाराआडच असतो. हे तुला मी सांगावं लागतंय?

विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. कुणीतरी विचारलं म्हणून उलट कितीजणांना हलकं वाटतं. फॉर्मची भाषा सोड. 'जीव नकोसा झालाय का? औषध घ्यावं असं मनात येतं का?' असं सरळ विचार. पण सासू शेजारी बसलेली असताना सून काय सांगणार? बापासमोर कर्जात बुडालेला मुलगा काय बोलणार? नातेवाइकांना म्हण, 'प्रत्येकाशी पाच मिनिटं एकट्याशी बोलावं लागतं, तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा.' कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिलाय. जिवाला धोका असेल तेव्हा गरजेपुरतं घरच्यांना सांगायची मुभाही त्यातच आहे. म्हणून 'हो' आलं तर काही ठरवलंय का ते विचार, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपुढं बसव, घरातल्या एकाला डबा घराबाहेर हलवायला सांग, आणि रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर हातात लिहून दे.

उद्या सकाळी रजिस्टर काढ. न विचारता शून्य टाकलेली नावं वेगळी लिही, वरिष्ठांना खरं सांग आणि त्या माणसांना परत बोलाव. फोन लागला नाही तर आशाताईकडून 'तपासणीची तारीख आहे' एवढाच निरोप धाड. बाकी आठांची बेरीज ज्यांची मोठी, ते आधी.

नोकरीचं मला ती यादी संपल्यावर विचार.