'ध' आणि 'घ'

प्रिय लेकरा,

परवा लातूरच्या गंजगोलाईत भेटलास तेव्हा विचारलंस, "काका, आता मोबाईलच डिझाईन करून देतोय, मग मी हे शिकू कशाला?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून हसण्यावारी नेलं. आज निवांत आहे.

फ्लेक्स आला तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. मी पेंटर. भिंतीला चुना मारायचा, खडूच्या दोऱ्यानं रेषा पाडायच्या, अक्षरं भरायची. दुकानाच्या एका पाटीला दोन दिवस जायचे. मशीन तीच पाटी तासाभरात द्यायची, तेही फुटाच्या भावानं. वर्षभर मी मशीनला शिव्या देत बसलो. ते वर्ष फुकट गेलं. मग संगणकावर डिझाईन करायचं कोरल ड्रॉ शिकलो, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान पोराच्या शेजारी स्टुलावर बसून. मराठी टायपिंगची श्रीलिपी हातात बसते न बसते तोच युनिकोड ही नवी पद्धत आली. परत टायपिंगपासून सुरुवात.

गेल्या महिन्यात एक जण एआयनं केलेलं लग्नाचं बॅनर घेऊन आला. मागं महाल, झुंबरं, काम झकास. म्हणाला, "फक्त प्रिंट मारा." मी नेहमीसारखं बोट ठेवून वाचलं. 'शुभविवाह'मधल्या 'भ'ची शिरोरेषा सलग होती, म्हणजे 'शुमविवाह'. खाली 'वधू'चं झालेलं 'वघू'. आनंदीबाईनं 'ध'चा 'मा' केला म्हणतात, इथं यंत्रानं 'घ' केला. अन् हे त्यानं आधीच अख्ख्या भावकीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं! आता त्याच्या घरचं प्रत्येक काम माझ्याकडं येतं. तीस वर्षं ब्रशनं ती रेषा तोडत आलो, म्हणून ती नजरेला टोचली.

तसंच वाढदिवसाच्या बॅनरचं. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, कोण कुणाशेजारी चालत नाही, हे कुठलं ॲप सांगणार? त्यासाठी चौकात चहा प्यावा लागतो. (मी जरा जास्तच पितो, ते सोड.)

पैशाचं स्पष्ट सांगतो. निवडणुकीचं काम ॲडव्हान्स घेतल्याशिवाय हातात धरू नकोस. पडलेल्या उमेदवाराकडून उधारी वसूल करायला मी दोन वर्षं चपला झिजवल्या, शेवटी पाकिटात निम्मेच मिळाले. आणि चांगल्या वर्षातलं थोडं बाजूला टाकत जा. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं. ऐन लग्नसराई, पण कितीतरी लग्नं पुढं ढकललेली, मशीनवर धूळ. त्या उन्हाळ्यात घर चाललं ते मागच्या निवडणुकीच्या शिलकीवर.

पुण्याला जायचं म्हणतोस तर जा, माझी ना नाही. एआयही शीक. मीही शिकतोय, नातीकडून.

पण त्याआधी चार रविवार माझ्याकडं ये. संगणक बंदच ठेवू. येताना दुरेघी वही आण, पहिल्या दिवशी फक्त 'ध' आणि 'घ' काढू.

तुझा,
पेंटर काका