'विच हंट'ला मराठीत काय म्हणावं?

'विच हंट' म्हणजे मुळात चेटकीण ठरवून केलेला छळ; आता आकसाने, गर्दी उठवून कुणाच्या मागे लागणं. प्रश्न असा आला आहे: भाषांतरात 'ही चौकशी म्हणजे विच हंट आहे' असं वाक्य आहे. एकाने 'चेटकिणींची शिकार' सुचवलं, दुसऱ्याने 'सूडसत्र'. यातलं कुठलं घ्यावं?

'चेटकिणींची शिकार' पहिल्यांदा बाद करू. ऐकून परीकथा आठवते. शिवाय शिकार म्हटली की सावज रानात आहे हे आधीच मान्य केल्यासारखं होतं. खरी गोम तिथेच आहे. याबाबतीत आपली रोजची मराठी जास्त प्रामाणिक आहे. 'डाकीण ठरवून मारहाण', 'भुताळी ठरवून गावाबाहेर काढलं' अशा बातम्या आपण वाचतो. त्यात डाकीण कुणाला सापडत नाही, ती ठरवली जाते. सगळा गुन्हा त्या 'ठरवणे' क्रियापदात आहे. म्हणून खरोखरच्या घटनांबद्दल लिहायचं असेल तर 'डाकीण ठरवणे' किंवा 'चेटकीण ठरवून छळ' याहून चांगलं काही मला सुचत नाही.

'सूडसत्र' अर्धंच बरोबर आहे. त्यात डूख धरणारा माणूस दिसतो, पण त्याच्यामागे ओरडत धावणारा गाव दिसत नाही. 'सामूहिक उन्माद' म्हणावं तर नेमकं उलट होतं.

डूख धरणारा माणूस आणि ओरडणारा गाव एकत्र कसे येतात ते अमेरिकेतल्या सेलम गावच्या चेटकाच्या खटल्यांत दिसतं. साल १६९२. रिबेका नर्स ही ७१ वर्षांची, देवभोळी म्हणून नावाजलेली बाई. तिच्या घरच्यांचं आणि पटनम घराण्याचं जमिनीच्या हद्दीवरून जुनं वाकडं होतं. तक्रार आली ती पटनमांकडून. ज्यूरीने तिला आधी निर्दोष सोडलं. त्याबरोबर आपल्यावर चेटूक झालंय म्हणणाऱ्या 'झपाटलेल्या' मुलींनी कोर्टात किंकाळ्या फोडल्या, अंगं पिळवटली. न्यायाधीशांनी ज्यूरीला रिबेकाच्या एका उद्गाराची आठवण करून दिली. दुसरी आरोपी बाई साक्षीला उभी राहिली तेव्हा ही म्हणाली होती, 'ही तर आमच्यातलीच.' म्हणजे कोणातली? चेटकिणींतली, की तुरुंगातल्या कैद्यांतली? ज्यूरीने विचारलं, पण रिबेकाला कमी ऐकू यायचं. ती गप्प राहिली आणि ते मौन कबुली धरलं गेलं. १९ जुलैला तिला फाशी झाली. (शब्दार्थावर वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.)

आरोप करणाऱ्यांत बारा वर्षांची ॲन पटनम होती. १७०६ मध्ये तिने चर्चमध्ये माफी मागितली, रिबेका आणि तिच्या बहिणींचा खास उल्लेख करून. पण आपण हे राग, द्वेष किंवा आकसापोटी केलं नाही, सैतानाने भुलवलं, असं ती म्हणाली. मला हे तिच्यापुरतं खरंही वाटतं. आकस वडीलधाऱ्यांचा असेल, किंकाळ्या पोरीच्या होत्या.

आकस एकाचा, ओरडा दुसऱ्याचा, हे चित्र मराठीत आयतं आहे: 'रान उठवणे'. हाक्याच्या शिकारीत हाकारे डबे बडवत, आरडाओरडा करत रान उठवतात. त्यांचं जनावराशी काही वैर नसतं. पुष्कळदा त्यांनी ते पाहिलेलंही नसतं. बंदूकवाला पुढे मचाणावर चिडीचूप बसलेला असतो आणि सावज बरोबर त्याच्यासमोर जातं. 'अमक्याविरुद्ध रान उठवलं' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा हे मचाण मात्र विसरतो. ते दाखवायचं असेल तर आधी 'आकसापोटी' जोडावं. नामच हवं असेल तर 'हाकाटी' आहे, पण तिच्यात नुसता गलबला ऐकू येतो.

आता मूळ वाक्य. बोलणारा कोण ते आधी पाहा. चौकशीत अडकलेला पुढारी स्वतःबद्दल म्हणत असेल, तर त्याच्या तोंडी 'ही सूडबुद्धीने केलेली कारवाई आहे' एवढंच शोभेल, मराठीत पुढारी तसंच बोलतात. मात्र त्याला गर्दीबद्दलही बोलायचं असेल, तर मी लिहीन: 'चौकशीच्या नावाखाली आकसापोटी रान उठवलंय.'