वर्गणीदार, ग्राहक की सदस्य?

विचारलंय असं : 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळावरच्या लेखात 'ऑक्टोबर २०१०मध्ये सबस्क्रायबर १ कोटी २० लाखांवर' असं वाक्य आहे. इथे मराठीत ग्राहक लिहावं, सदस्य की वर्गणीदार? आणि पुढे सारखं 'एस्टिमेट' येतं, त्याला सगळीकडे 'अंदाज' चालेल का?

मी वर्गणीदार लिहीन. हा शब्द ऐकला की गणपतीचं पावतीपुस्तक डोळ्यांपुढे येतं, हे कबूल. पण मासिकांनी तो केव्हाच रुळवलाय. स्टॉलवरून दिवाळी अंक उचलतो तो ग्राहक, वर्षाचे पैसे आगाऊ भरून अंक घरी मागवतो तो वर्गणीदार. या खेळात एकच माणूस दोन्ही असायचा. आधी खेळाची प्रत विकत घ्यायची, मग खेळत राहायला दरमहा साधारण १५ डॉलर भरायचे. प्रतींच्या खपात तो एकदा मोजला की कायमचा मोजला. वर्गणीदारांच्या आकड्यातून मात्र पैसे थांबले की गळला. 'ग्राहक' लिहिलंत तर वाचक १ कोटी २० लाख प्रती खपल्या असं समजेल, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

'सदस्य' तर फुकट खातं उघडणाराही असतो. सबस्क्रायबर तसाच ठेवावा म्हटलं, तर यूट्यूबने त्या शब्दातला पैसाच काढून टाकलाय.

वर्गणीदारही सगळीकडे चपखल बसत नाही, बरं का. चीनमध्ये तेव्हा महिन्याची वर्गणी नव्हती. तासांचं कार्ड घ्यायचं, तास संपले की दुसरं. पास नव्हे, तिकिटं! शिवाय हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीच्या व्याख्येत सायबर कॅफेतून गेल्या ३० दिवसांत खेळात शिरलेलाही सबस्क्रायबर धरला जाई, आणि प्रत घेतल्यावरच्या पहिल्या मोफत महिन्यात असलेलाही. म्हणून पहिल्यांदा वर्गणीदार लिहाल तिथे 'कंपनीच्या व्याख्येप्रमाणे' एवढं जोडा.

आता एस्टिमेट. कंपनीने नोव्हेंबर २०१५मध्ये ५५ लाख हा शेवटचा आकडा दिला आणि यापुढे वर्गणीदारसंख्या जाहीर करणार नाही, असं सांगितलं. तेव्हापासून बाहेरचे लोक आकडे काढतात, पण प्रत्येकाचा आकडा एका जातीचा नसतो. शितावरून भाताची परीक्षा करावी तसा नमुना घेऊन हिशेब मांडला असेल, तर तो अंदाज. 'स्टीमस्पाय' ही वेबसाइट 'स्टीम' या खेळांच्या ऑनलाइन दुकानातली खेळाडूंची उघडी प्रोफाइलं चाळून तिथल्या खेळांचा खप असाच काढायची. एप्रिल २०१८मध्ये प्रोफाइलातली खेळांची यादी आपोआप झाकली जाऊ लागली आणि ती शितंच मिळेनाशी झाली. मग लोक खेळाडूंनी तिथे लिहिलेल्या परीक्षणांची संख्या मोजून तिला अनुभवाने ठरवलेल्या आकड्याने गुणू लागले. याला माझ्या मते ठोकताळा हाच शब्द. गणित सुटलं की ताळा करून पाहतात ना, तो ताळा यात ऐकू येतो, फक्त ठोक. आणि 'माझ्या ओळखीतल्या सगळ्यांनी खेळणं सोडलं, म्हणजे निम्मे तरी गेले असणार' ही नुसती अटकळ. लेखात तिन्ही प्रकार असतील, तर तीन शब्द वापरा.