वाचकांचे प्रश्न : पॅडवरचे ड्रम, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग

प्रश्न : माझ्या ड्रम मोड्यूलला (पॅडच्या ठोक्यांचे आवाज काढणाऱ्या डब्याला) डावा-उजवा असे दोनच आउटपुट आहेत. चार मिनिटांचं गाणं इंटरफेसमधून (आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्रातून) रेकॉर्ड केलं. आता स्नेअर दबतोय आणि तो एकटा वर घेता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक मिळवायचा काही मार्ग? (वाचक, नाशिक)

उत्तर : झालेल्या रेकॉर्डिंगमधून स्नेअर स्वच्छ सुटा होणार नाही. इक्यूने (आवाजातला ठरावीक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) २०० हर्ट्झचा भाग वाढवाल, तर किक आणि टॉमही फुगतील. त्यापेक्षा त्याच मोड्यूलमधला स्नेअरचा एक ठोका वेगळा रेकॉर्ड करा आणि दबलेल्या प्रत्येक ठोक्याखाली नव्या ट्रॅकवर ठेवा. गाणं १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० मात्रांचं), चार मात्रांचं असेल तर दुसऱ्या-चौथ्या मात्रेचे २०० ठोके होतात. काम कंटाळवाणं आहे, पण एका बैठकीत उरकतं. वेव्हफॉर्म मोठा करून दोन्ही ठोक्यांची सुरुवात जुळवा. जुळवूनही आवाज पोकळ वाटला, तर नव्या ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहा.

पुढच्या वेळी मात्र ऑडिओसोबत मिडीही (आवाज नव्हे, तर कोणता ठोका कधी आणि किती जोरात पडला याची नोंद) रेकॉर्ड करा. यूएसबी किंवा पाचपिनी मिडी केबल जोडून एक मिडी ट्रॅक चालू ठेवला की झालं. वादन संपल्यावर तोच ट्रॅक मोड्यूलकडे परत पाठवा. मोड्यूल तुमचंच वादन पुन्हा वाजवेल, तुम्ही फक्त रेकॉर्ड करायचं. त्या वेळी मिडी ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग बंद हवं, नाहीतर काही मोड्यूलवर ठोके दुहेरी पडतात.

दोन आउटपुटवर दोन वाद्यं सुटी मिळतात. पहिल्या फेरीत किक पूर्ण डावीकडे, स्नेअर पूर्ण उजवीकडे, बाकी सगळ्यांचा आवाज शून्य. दुसऱ्या फेरीत टॉम स्टिरिओत. तिसऱ्या फेरीत हाय-हॅट डावीकडे, राइड उजवीकडे. चौथ्यात क्रॅश. चार मिनिटांच्या गाण्याला एकूण १६ मिनिटं! त्याआधी मोड्यूलमधला रूम, रिव्हर्ब (दोन्ही खोलीसारखी गुंज देणारे) आणि कॉम्प्रेसर (जोरदार-हलक्यातला फरक कमी करणारा) बंद करा. रिव्हर्ब चालू राहिला तर डावीकडच्या किकची गुंज उजवीकडच्या स्नेअरच्या ट्रॅकवर जाऊन बसते. दोन्ही केबल लावलेल्या हव्यात. एकट्या डाव्या जॅकमधून बहुतेक मोड्यूल दोन्ही बाजू एकत्र करून देतात. मास्टर व्हॉल्यूमच्या नॉबला पांढऱ्या टेपची खूण करा, म्हणजे फेऱ्यांमध्ये लेव्हल हलणार नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर, सर्वांत जोरदार ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास.

परत आलेला ऑडिओ काही मिलिसेकंद मागे पडतो. म्हणून गाण्याच्या एक आवर्तन आधी, सगळ्या वाद्यांचा एकेक ठोका मिडीत बरोबर रेघेवर टाकून ठेवा. रेकॉर्डिंगनंतर तो ठोका रेघेवर ओढला की सगळा ट्रॅक जागेवर येतो.

हाय-हॅटचं एक दुखणं लक्षात ठेवा. पेडल किती दाबलंय ही माहिती ठोक्याच्या नोटमध्ये नसते. ती बहुतेक किटवर कंट्रोलर ४ म्हणून वेगळी जाते. तुम्ही नोटा क्वांटाइझ करून (तालाच्या रेघांवर बसवून) सरकवल्या आणि पेडलची वक्ररेषा तिथेच राहिली, तर बंद हॅटच्या जागी ‘त्स्स्स’ असा अर्धा उघडा आवाज येतो. दोन्ही एकत्र निवडून सरकवा.

प्रश्न : पॅडवरून सॉफ्टवेअरमधले ड्रम वाजवतो, तर आवाज हातामागून येतो. लॅपटॉप बदलावा का?

उत्तर : आधी बफर पाहा, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ सँपलचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.९. त्यात मोड्यूलचा आणि इंटरफेसचा स्वतःचा उशीर मिळतोच. विंडोजवर इंटरफेसचाच असिओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज नेणारा) निवडा. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला अजिबात चालणार नाहीत.

पण खरं सांगायचं तर वाजवताना सॉफ्टवेअरचा आवाज ऐकायची गरजच काय? हेडफोन मोड्यूलला लावा, मोड्यूलचाच आवाज ऐका, फक्त मिडी रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअरचे ड्रम नंतर बसवा. गाण्याचा ट्रॅक मोड्यूलच्या ऑक्स-इनमधून (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या जॅकमधून) ऐकता येतो. तेव्हा ड्रमचा ऑडिओही घेत असाल तर आधी तपासा : काही मोड्यूल ऑक्सचा आवाज मेन आउटलाही सोडतात, मग ड्रमच्या ट्रॅकवर अख्खं गाणं येतं.

प्रश्न : किक मारली की मधूनच टॉम वाजतो. स्नेअरवरही एका ठोक्याचे दोन होतात.

उत्तर : दोन आजार आहेत. पहिल्यात किकचा हादरा रॅकमधून टॉमच्या सेन्सरपर्यंत पोहोचतो. आधी क्लॅम्प घट्ट करा, किकचा टॉवर रॅकला टेकत नाही ना ते पाहा. मग टॉमचा थ्रेशोल्ड (ज्याच्या खालचा ठोका पॅड मोजत नाही तो आकडा) एकेक आकड्याने वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तरच क्रॉसटॉक (एका पॅडच्या हादऱ्याने दुसरं वाजू न देणारा आकडा) वाढवा. तो जास्त झाला तर किक आणि टॉम एकत्र मारल्यावर टॉम गिळला जातो.

स्नेअरचं दुखणं रीट्रिगरचं, म्हणजे एकाच ठोक्यावर पॅड पुन्हा वाजण्याचं. मेश (पॅडवरची जाळी) सैल असेल तर ती ठोक्यानंतर हलत राहते. आधी ताण द्या, मग रीट्रिगर कॅन्सल थोडं वाढवा. फार वाढवलंत तर रोलमधले ठोके गळतात. स्नेअरचा थ्रेशोल्ड शक्यतो वाढवू नका, हलके घोस्ट ठोके पहिले त्यातच जातात. रेकॉर्डिंग होऊन गेलं असेल, तर मिडीच्या यादीत किकच्या क्षणालाच आलेल्या, अगदी कमी वेलॉसिटीच्या (ठोक्याच्या जोराच्या आकड्याच्या) टॉमच्या नोटा शोधून पुसा.

प्रश्न : ऑक्टापॅडवर ढोलकीचा पॅच (आवाजांचा संच) वाजवून मिडी घेतला, सॉफ्टवेअरमध्ये ढोलकीऐवजी काऊबेल वाजते!

उत्तर : मिडीत ढोलकी नसतेच. त्यात फक्त नोटेचा आकडा आणि ठोक्याचा जोर जातो. तुमच्या पॅडला ५६ हा आकडा दिलेला असेल, तर जनरल मिडीच्या, म्हणजे सगळ्यांसाठी ठरलेल्या आकड्यांच्या यादीत ५६ म्हणजे काऊबेल. ३६ किक, ३८ स्नेअर. पॅचमधल्या प्रत्येक पॅडचा आकडा वहीत उतरवा आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या-त्या आकड्यावर ढोलकीची सँपल बसवा. पॅच बदलला की आकडेही बदलू शकतात. पण तुम्हाला तोच ओळखीचा ऑक्टापॅडचा आवाज हवा असेल, तर सरळ ऑडिओच घ्या.

प्रश्न : लॅपटॉपला चार्जर लावला की ड्रमच्या ट्रॅकवर गुणगुण येते.

उत्तर : ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या एकाहून जास्त वाटांमुळे येणारी गुणगुण. मोड्यूल आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. नाही गेली तर मोड्यूल आणि इंटरफेसच्या मध्ये स्टिरिओ डीआय बॉक्स (सिग्नलच्या वाटेत लावायची डबी) घालून त्याचं ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका, शॉक बसेल.

प्रश्न : सगळं नीट रेकॉर्ड होतं, तरी ड्रम प्लास्टिकचे वाटतात. कुठला प्लगइन घ्यावा?

उत्तर : प्लगइनआधी वेलॉसिटी बघा. सगळे ठोके १२७ वर (सर्वांत मोठ्या आकड्यावर) चिकटलेले असतील तर पॅडची सेन्सिटिव्हिटी जास्त आहे. नेहमीचा ठोका ८०-१०० आणि पूर्ण ताकदीचाच १२० च्या वर जाईल इतकी ती उतरवा. एकच सँपल एकाच जोराने सलग वाजलं की मशिनगन ऐकू येते, आणि तिच्यावर कॉम्प्रेसर लावला तर ती आणखी उठून दिसते.

मग सगळ्या ड्रमसाठी एकच छोटी रूम ठेवा, अर्ध्या सेकंदाच्या आसपासची. स्नेअर आणि टॉम तिच्यात जास्त पाठवा, हॅट थोडा, किक जवळपास नाहीच. वेगवेगळ्या खोल्यांत रेकॉर्ड झाल्यासारखे वाटणारे पॅड त्यामुळे एका खोलीत येतात. किकमधून ३०० ते ४०० हर्ट्झ थोडे कापा, हॅटचा ३०० च्या खालचा भाग काढून टाका. मोड्यूलमधल्या किकवर बहुतेकदा आधीच भरपूर इक्यू केलेला असतो, त्यामुळे ६० हर्ट्झ वाढवण्याआधी बेस गिटारबरोबर ऐकून घ्या.