हँडब्रेक ओढला म्हणजे ड्रिफ्ट नव्हे

मित्रा, मोकळ्या मैदानात हँडब्रेक ओढून गाडी गर्रकन फिरवलीस, मजा आली असेल, पण त्याला ड्रिफ्ट म्हणू नकोस. त्यात मागची चाकं लॉक होतात, गाडी घसरते आणि वेग मरतो. संपलं. पॉवरस्लाइड हा आणखी वेगळा प्रकार: त्यात वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जास्त दाबला जातो आणि मागची बाजू पकड सोडून घसरते. ड्रिफ्टमध्ये ती वळणात शिरतानाच मुद्दाम सोडायची आणि वळण संपेपर्यंत तशीच धरून ठेवायची. स्टिअरिंग उलट्या बाजूला, उजवा पाय सतत कमी-जास्त. पाय एकदम उचललास की मागच्या टायरना झटक्यात पकड मिळते आणि गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. माझी गाडी अशीच एकदा ट्रॅककडेच्या टायर रचलेल्या भिंतीत गेली; बंपर अजून तारेनं बांधलाय.

रॅलीवालेही मातीवर आडवे जातात, पण घड्याळासाठी, म्हणजे वेळ वाचवायला. ड्रिफ्टच्या स्पर्धेत गुण असतात ते कोन, रेषा आणि शैलीला. हा खेळ जपानचा: १९७० च्या दशकात रेसर कुनिमित्सु ताकाहाशींनी शर्यतीत हे तंत्र वापरलं, पुढे रेसर झालेल्या केइची त्सुचियांनी ते घाटरस्त्यांवर गिरवलं.

तुझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे ना, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना? मग ॲक्सिलरेटरनं मागची बाजू घसरती ठेवता येणार नाही; आधी रिअर व्हीलवाली, मागच्या चाकांना ताकद देणारी शोध. आणि शिकायचं ते बंद ट्रॅकवरच. त्सुचियांचं बघून घाटात जाऊ नकोस.