विंचूदंश : कळ पाहावी की घाम?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात जळणाच्या ढिगातून लाकूड काढताना आमच्या सहा वर्षांच्या मुलाला विंचू चावला. सासूबाईंनी हाताला दोरी आवळून बांधली. तो रात्रभर कळवळत होता. सकाळी दुखणे थांबले. त्याला दवाखान्यात न नेण्यात आमची चूक झाली का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : मूल सुखरूप आहे याचा आनंद आहे, परंतु होय, चूक झाली. जितकी कळ जास्त तितके विष जास्त, असा आपल्याकडे समज आहे आणि तोच घात करतो. मोठ्या काळ्या विंचवाच्या, म्हणजे इंगळीच्या, दंशाने जीव कासावीस होतो, पण त्रास बहुधा त्या जागेपुरता राहतो. कोकणातला लहानसा लाल विंचू मात्र कधी कधी फारशी कळ न देता संपूर्ण शरीरावर परिणाम करतो. दरदरून घाम, उलट्या, लाळ गळणे, हातपाय गार पडणे, छातीत धडधड आणि मुलग्यांमध्ये लिंग ताठरणे ही त्याची पहिली लक्षणे होत. त्यानंतर धाप लागली किंवा खोकल्यातून फेस आला, तर फुप्फुसात पाणी साचू लागले आहे असे समजावे.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना पाहिले. विषामुळे शरीरातच उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरले. त्याने असंख्य जीव वाचले, आणि आजही तोच उपचार मुख्य आहे. जोडीला प्रतिविषही देतात. प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ते रुग्णाला झोपवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. घरी ते कदापि देऊ नये.

घरी करण्यासारखे थोडेच आहे. जागा साबणाने धुवावी, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा आणि मुलाला निजवून ठेवावे. दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. मोठ्या माणसाला फक्त जागेवर कळ असली तरी डॉक्टरांना दाखवावे. मूल लहान असेल, तर लक्षणांची वाट न पाहता 108 वर फोन करून लगेच निघावे आणि विंचू लाल असण्याची शक्यता असल्यास 24 तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवण्याचा आग्रह धरावा.